छप्पर काढले की गाडी महाग का होते?

मर्सिडीज-बेंझने १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ‘३०० एसएल’ ही स्पोर्ट्स कार मांडली. पंख उचलावेत तसे वर उघडणारे तिचे दरवाजे मोटारींच्या शौकिनांना आजही तोंडपाठ आहेत. जर्मनीत तिची किंमत २९,००० मार्क होती. १९५७ मध्ये कंपनीने याच गाडीचे पत्र्याचे छप्पर काढून टाकले, दरवाजे नेहमीसारखे बाजूला उघडणारे केले, वर घडी होणारे कापडी छत बसवले आणि किंमत ठेवली ३२,५०० मार्क. त्या सुमारास सर्वांत साधी फोक्सवॅगन बीटल ३,७९० मार्कांना मिळत असे. म्हणजे दोघांनाच बसता येईल अशा एका उघड्या गाडीच्या पैशात आठ बीटल घेऊन वर दोन हजार मार्क शिल्लक राहिले असते. तरीही बंद गाड्या बनल्या १,४०० आणि उघड्या १,८५८. उघडी गाडी अधिक वर्षे उत्पादनात होती हे लक्षात घेतले, तरी वाढीव किमतीमुळे तिचे गिऱ्हाईक तुटले नाही हे स्पष्ट दिसते.

साध्या हिशेबाने पाहिले तर हे उलटेच आहे. वस्तूतला एखादा भाग कमी केला तर ती स्वस्त व्हायला हवी. इथे तर छप्पर गेल्यावर गाडी जड होते, आवाज वाढतो, डिकीतली जागा घडी केलेल्या छताने व्यापली जाते, आणि एवढे होऊन किंमतही वाढते. असे असताना आलिशान उघडी स्पोर्ट्स कार हे श्रीमंतीचे जगभर ओळखले जाणारे चित्र झाले आहे. लॉटरीच्या जाहिरातींपासून झटपट पैसा कमावण्याचे वर्ग चालवणाऱ्यांच्या फलकांपर्यंत तीच गाडी उभी असते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी पत्र्याकडे आणि मग माणसाकडे पाहावे लागते. कन्व्हर्टिबल, कॅब्रिओले, रोडस्टर, स्पायडर ही नावे कंपन्या आपापल्या सोयीने वापरतात. या लेखात ‘उघडी गाडी’ म्हणजे हवे तेव्हा छत उघडता आणि मिटता येणारी गाडी एवढाच अर्थ धरला आहे.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात चैनीची वस्तू होती ती छप्पर. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ उघड्या होत्या. त्या काळी गाडीचा सगळा भार खालच्या शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर, म्हणजे चासीवर असे. वरचे अंग लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बनवलेले असे. त्यावर काचा आणि दरवाजे असलेली बंद खोली उभारायची म्हणजे सुताराची आणि पत्रेवाल्याची मजुरी वाढायची, आणि ती गिऱ्हाइकाकडूनच वसूल व्हायची. अमेरिकेतील ‘एसेक्स’ या गाडीच्या किमतीत हा बदल फार स्वच्छ दिसतो. १९२१ मध्ये तिचा बंद प्रकार उघड्यापेक्षा ३०० डॉलरनी महाग होता. बंद अंगे कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली, तसा हा फरक कमी होत गेला आणि १९२५ मध्ये बंद एसेक्स उघड्या एसेक्सपेक्षा ५ डॉलरनी स्वस्त झाली. १९२७ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के गाड्या बंद होत्या. पावसात न भिजता कामावर जाता येणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट झाली, आणि नेमक्या त्याच वेळी उघडी गाडी ही गरजेची वस्तू न राहता हौसेची वस्तू झाली. सगळ्यांकडे छप्पर आल्यावर छप्पर नसण्याला किंमत आली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा बदल तंत्राचा होता. १९३४ मध्ये आलेल्या सिट्रोएनच्या ‘त्राक्सिओं आव्हाँ’ या गाडीसारख्या गाड्यांत वेगळी चासी ठेवलेलीच नव्हती. तळ, खांब, छप्पर आणि बाजू एकमेकांना वेल्ड करून गाडीचे अंग हाच तिचा सांगाडा केलेला होता. या रचनेला मोनोकॉक म्हणतात आणि आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक मोटारी अशाच बनतात. यात छप्पर फक्त ऊन-पाऊस अडवत नाही, तेही भार पेलते. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका झाकणासकट दोन्ही हातांत धरून पिळण्याचा प्रयत्न केला तर तो दाद देत नाही, आणि झाकण काढताच सहज पिळवटतो. मोनोकॉक गाडीचे छप्पर काढले की नेमके हेच होते. एक चाक खड्ड्यात गेले की गाडीचे अंग किंचित पिळवटते, समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरतात, दाराच्या फटी कमी-जास्त होतात आणि स्टेअरिंगच्या हुकमाला गाडी जराशी उशिराने उत्तर देते. वेगाने वळण घेण्यासाठी बनवलेल्या गाडीत हा दोष खपवून घेता येत नाही.

म्हणून छपरातून गेलेला ताठपणा तळाशी परत आणावा लागतो. दाराखालच्या आडव्या तुळया जाड आणि अधिक मजबूत पोलादाच्या होतात, तळाखाली आडवे-तिरपे दांडे येतात, आसनांच्या मागे एक जाड आडवी भिंत येते. काढलेल्या छपरापेक्षा हे जोडलेले धातू अधिक वजनाचे भरतात, आणि शिवाय छत उघडण्या-मिटण्याची यंत्रणा, तिच्या मोटारी, तिचे पंप यांचेही वजन असतेच. कार्बन फायबरचा तळ वापरणाऱ्या अतिमहागड्या गाड्यांत हा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण तिथे मुळात सगळा ताठपणा त्या टबासारख्या तळातच असतो.

ताठपणाहून गंभीर प्रश्न गाडी उलटण्याचा आहे. बंद गाडी उलटली तर खांब आणि छप्पर डोक्यावर येणारा भार झेलतात. उघड्या गाडीत हे काम कोण करणार? १९६० च्या दशकात अमेरिकेत अपघात-सुरक्षेचे नियम कडक होऊ लागले आणि उघड्या गाड्यांवर बंदीच येईल अशी धास्ती कंपन्यांनी घेतली. पोर्शने १९६५ मध्ये ‘९११ टार्गा’ दाखवली, तिच्या आसनांमागे रुंद पोलादी कमान होती, ती याच धास्तीतून. मर्सिडीजने १९७१ च्या एसएलमध्ये समोरच्या काचेची चौकट इतकी मजबूत केली की उलटलेल्या गाडीचा भार तिने पेलावा. १९८९ च्या एसएलमध्ये याहून पुढचे पाऊल होते: आसनांमागे आडवी झोपवलेली एक कमान ठेवली होती आणि गाडी उलटते आहे असे संवेदकांना जाणवताच ती ०.३ सेकंदात उभी राहत असे. आजच्या गाड्यांत डोक्यांमागे दडवलेले दोन दांडे याच तत्त्वावर वर उसळतात. खरेदीदार या दांड्यांकडे कधी बघतही नाही. वाढीव किमतीतला मोठा वाटा मात्र अशाच न दिसणाऱ्या गोष्टींचा असतो.

छताची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये जॉर्ज पोलँ या दंतवैद्याने पत्र्याचे छप्पर अखंड उचलून डिकीत ठेवणारी यंत्रणा रचली आणि ती पूजो कंपनीने वापरली. पुढे असे कडक छप्पर कधी फॅशनमध्ये आले, कधी मागे पडले. सध्याच्या एसएलने मागील दोन पिढ्यांचे पत्र्याचे छप्पर सोडून पुन्हा कापड धरले. त्यात २१ किलो वजन वाचले आणि तेही गाडीच्या सर्वांत उंच भागातून, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली आला. हे तीन थरांचे छत साधारण १५ सेकंदांत उघडते आणि ताशी ६० किलोमीटर वेगापर्यंत गाडी चालू असतानाही उघडता येते. सिग्नलला उभे असताना छत उघडण्याची जी हौस लोकांना असते, तिच्यासाठी १५ सेकंद पुरेसे आहेत. कंपन्या या आकड्यासाठी एवढी स्पर्धा का करतात, ते त्यावरून कळावे.

आता गाडीत बसलेल्या माणसाला काय जाणवते ते पाहू. समोरच्या काचेवरून गेलेली हवा मागे जाऊन वेगळी होते आणि काचेच्या मागच्या पोकळीत दाब कमी होतो. त्यामुळे हवा मागच्या बाजूने वळून पुढे येते. उघड्या गाडीत केस मागे न उडता तोंडावर का येतात, याचे उत्तर हे आहे. ही उलटी हवा अडवण्यासाठी आसनांमागे बारीक जाळीचा पडदा लावतात, आणि काही गाड्यांत आसनाच्या डोके टेकण्याच्या भागातून मानेवर गरम हवा सोडतात, म्हणजे थंडीतही छत उघडे ठेवता येते. एवढा बंदोबस्त केल्यावर जे उरते ते मात्र खरोखर वेगळे असते. वेगाचा अंदाज आपण डोळ्यांइतकाच कानांनी आणि कातडीनेही घेतो. बंद गाडीत ताशी ८० किलोमीटरचा वेग कंटाळवाणा वाटतो, उघड्या गाडीत तोच वेग भरपूर वाटतो. सायलेन्सरचा आवाज थेट येतो, घाटातला गारवा वळणागणिक बदलताना कळतो, भाजलेल्या कणसाचा वास गाडी थांबण्याआधी पोहोचतो. दुचाकी चालवणाऱ्याला यात नवे काही नाही. पण दुचाकीवरचा हा अनुभव आरामदायी खुर्चीत बसून, शेजारच्याशी बोलत घेता येणे ही उघड्या गाडीची खास देणगी आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही केवळ वाऱ्यासाठी कोणी कोट्यवधी रुपये देत नाही. किमतीचा दुसरा भाग समजण्यासाठी अर्थशास्त्राकडे जावे लागते. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्ये असे मांडले की, श्रीमंती नुसती असून भागत नाही, ती इतरांना दिसावी लागते. आणि ती पटण्याजोगी दिसायची तर खर्चात उघड अपव्यय असावा लागतो. ज्या खर्चाला व्यावहारिक कारण देता येते, तो खर्च माणसाची ऐपत सिद्ध करत नाही. मोठी सात आसनी गाडी घेणारा म्हणू शकतो की घरात माणसे जास्त आहेत. दोन आसनांची, डिकीत धड एक सूटकेस न मावणारी, पावसाळ्यात झाकून ठेवावी लागणारी गाडी घेणाऱ्याला असे काही म्हणता येत नाही. तिचा निरुपयोगीपणाच सांगतो की, या घरात कामाच्या गाड्या आधीच आहेत आणि ही त्यांच्या वरची आहे. ज्या उणिवा आपण सुरुवातीला मोजल्या, त्या या अर्थाने तिच्या किमतीचा आधार आहेत. शिवाय बंद गाडीत बसलेला माणूस काळ्या काचांमागे लपतो. उघड्या गाडीत गाडीबरोबर मालकही दिसतो. दाखवण्याचे साधन म्हणून तिची बरोबरी दुसरी गाडी करू शकत नाही.

संस्थानिकांना हे कोणी शिकवावे लागले नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची सुपरचार्जर लावलेली ड्युसेनबर्ग घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या नामवंत कारखान्याकडून उघडे अंग चढवून घेतले, काळ्या आणि नारिंगी रंगांत. एका खंडातले इंजिन, दुसऱ्या खंडातली कारागिरी आणि तिसऱ्या खंडातला मालक अशी ती गाडी होती. अर्थात संस्थानिकाला आपले स्थान गाडीने सिद्ध करण्याची गरज नव्हती, ते जन्माने मिळालेले होते. त्यांच्याकडे हौस आणि दर्दी नजरही होती. ज्याचे स्थान अजून पक्के झालेले नाही त्याला गाडीची गरज जास्त असते, आणि आजची बाजारपेठ प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे.

व्हेब्लेननंतर जवळपास आठ दशकांनी, १९७६ मध्ये, फ्रेड हिर्श या अर्थतज्ज्ञाने आणखी एक उपयोगी भेद केला. काही वस्तू सगळ्यांना मिळाल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही. घरोघरी नळ आला म्हणून माझ्या नळाचे पाणी कमी गोड होत नाही. काही वस्तूंचे मोल मात्र त्या इतरांकडे नसण्यातच असते, आणि त्या सर्वांना मिळाल्या की कोणालाच मिळाल्यासारख्या राहत नाहीत. त्यांना स्थानदर्शक वस्तू म्हणता येईल. फेरारी कंपनीचा सगळा धंदा या एका भेदावर उभा आहे. बाजाराची मागणी असेल त्यापेक्षा एक गाडी कमी बनवायची, असे संस्थापक एन्झो फेरारी यांचे धोरण सांगितले जाते. २०२४ मध्ये कंपनीने जगभर १३,७५२ गाड्या दिल्या. टोयोटा समूह इतक्या गाड्या साधारण अर्ध्या दिवसात विकतो. मर्यादित संख्येत काढलेली गाडी मिळण्यासाठी पैसे पुरेसे नसतात, आधी कंपनीच्या इतर गाड्या घेऊन मर्जीतले गिऱ्हाईक व्हावे लागते. रांगेत उभे राहण्याची मुभा मिळवण्यासाठीही रांग लावावी लागते, असा हा प्रकार आहे.

टंचाईवर विसंबून गाडी घेणाऱ्यांची फजितीही झालेली आहे. अमेरिकेत उघड्या गाड्या संपणार या समजुतीच्या काळात कॅडिलॅकने १९७६ ची ‘एल्डोराडो’ ही शेवटची अमेरिकी उघडी गाडी म्हणून विकली आणि त्यातल्या अखेरच्या २०० गाड्या एकसारख्या पांढऱ्या काढल्या. पुढे भाव वाढेल म्हणून लोकांनी गाड्या घेऊन झाकून ठेवल्या. बंदी काही आली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा आणली आणि १९८४ च्या मॉडेल-वर्षासाठी खुद्द कॅडिलॅकनेही उघडी एल्डोराडो काढली. आपली फसवणूक झाली असे म्हणून जुन्या मालकांपैकी काही जण कोर्टात गेले आणि हरले. छत उघडून ती गाडी चालवणाऱ्यांचे मात्र काहीच नुकसान झाले नव्हते.

अशी गाडी हवीशी वाटण्यामागे शेजाऱ्याचा हात किती असतो, याचा एक चांगला पुरावा नेदरलँड्समधून मिळतो. तिथे पिनकोडवर निघणारी एक लॉटरी आहे. कोड लागला की त्या गल्लीतील तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला मोठी रोख रक्कम मिळते आणि त्यातल्या एकाला नवी बीएमडब्ल्यू. पीटर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांनी तिकीटच घेतले नव्हते अशा शेजाऱ्यांनीही विजेत्याच्या घराला लागून राहत असल्यास गाड्यांवर अधिक खर्च केला. त्यांच्या खिशात एक पैसाही आला नव्हता. फक्त शेजारची पार्किंगची जागा बदलली होती. त्याहून मजेची गोष्ट अशी की, बीएमडब्ल्यू लागलेल्यांपैकी बहुतेकांनी गाडीऐवजी तिचे पैसे करून घेतले.

गाडी घेतल्यावर काय होते, यावरही संशोधन झाले आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीच्या २२ विजेत्यांची तुलना सर्वसाधारण माणसांशी केली. विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या लहान गोष्टींतून मिळणारा त्यांचा आनंद कमी झालेला होता. हा अभ्यास लहान होता आणि त्यावर एवढा मोठा डोलारा उभारू नये. जास्त उत्पन्नाचा समाधानाशी संबंध असल्याचे नंतरच्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. माणूस नव्या वस्तूला सरावतो एवढा मुद्दा मात्र टिकून आहे. गाडीपुरते बोलायचे तर नॉर्बर्ट श्वार्झ आणि जिंग शू यांचे २०११ मधील संशोधन अधिक नेमके आहे. ‘तुमची गाडी चालवताना तुम्हाला सहसा कसे वाटते?’ असे विचारल्यावर महाग गाडीवाल्यांनी जास्त आनंद नोंदवला. पण ‘शेवटची फेरी आठवा आणि तेव्हा कसे वाटले ते सांगा’ असे विचारल्यावर गाडीच्या किमतीचा आणि आनंदाचा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. ऑफिसला जाताना माणसाचे लक्ष गाडीकडे नसतेच, ते पुढच्या ट्रककडे आणि दहाच्या मीटिंगकडे असते. संबंध उरला तो एकाच ठिकाणी: केवळ गाडी चालवण्याच्या मजेसाठी काढलेल्या फेरीत. उघड्या गाडीचा खरा उपभोग याच प्रकारच्या फेऱ्यांत असतो, आणि अशा फेऱ्या वर्षात किती होतात, हे ज्याने त्याने स्वतःचा दिनक्रम पाहून ठरवावे.

भारतात या सगळ्यावर कराचे ओझे चढते. मर्सिडीजची ‘एएमजी एसएल ५५’ २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २ कोटी ३५ लाख रुपये होती. ती पूर्ण बनून बाहेरून येते, त्यामुळे ४०,००० डॉलरपेक्षा महाग गाड्यांना लागणारे सीमाशुल्क तिला लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ते ७० टक्के मूळ शुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत उपकर असे मिळून ११० टक्के होते. त्यावर जीएसटी येतो, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के आहे. म्हणजे बंदरात उतरलेल्या १०० रुपयांच्या मालावर ११० रुपये शुल्क, झाले २१०. त्यावर ४० टक्के म्हणजे ८४ रुपये, झाले २९४. विक्रेत्याचा नफा आणि राज्याचा कर अजून बाकीच आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या अनेक महाग गाड्यांवर पुदुच्चेरीची पाटी का असते, हे यावरून समजावे, जरी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. व्यापार करारांमुळे हे दर पुढे खाली येऊ शकतील.

या कराने एकदा देशभर वाद पेटवला होता. २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल त्यांना फेरारीची ‘३६० मोडेना’ भेट मिळाली आणि मायकल शूमाकर यांनी ती सिल्व्हरस्टोन येथे त्यांच्या हाती दिली. मोडेना बंद छपराची होती, तिची उघडी बहीण ‘स्पायडर’ नावाने विकली जाई. गाडीवरचे १ कोटी १३ लाख रुपयांचे सीमाशुल्क सरकारने माफ केल्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. ज्या देशात भेट म्हणून मिळालेल्या गाडीचा करदेखील एवढा चर्चेचा विषय होतो, तिथे अशी गाडी रस्त्यावर आणणे ही आपोआपच ऐपतीची जाहीर घोषणा ठरते.

श्रीमंत होण्याची इच्छा आणि श्रीमंत दिसण्याची इच्छा यांची गल्लत इथेच होते. समजा, गाडीसाठी २ कोटी रुपये साडेनऊ टक्के दराने सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३ लाख २७ हजार रुपये बसतो आणि सात वर्षांत साधारण ७५ लाख रुपये नुसते व्याजात जातात. रोख देण्याची ऐपत असली तरी हिशेब संपत नाही: तेच २ कोटी ७ टक्के परतावा देणाऱ्या ठिकाणी ठेवले असते तर वर्षाला १४ लाख आले असते, म्हणजे गाडी उभी असतानाही वर्षाला १४ लाख रुपये खाते. अनेक उद्योजक अशी गाडी कंपनीच्या नावावर घेतात, कारण कर्जाचे व्याज आणि दरवर्षी १५ टक्के घसारा धंद्याच्या खर्चात दाखवता येतो. मात्र भरलेल्या जीएसटीची वजावट प्रवासी गाडीवर सहसा मिळत नाही. पगारदार माणसाला यातले काहीच उपलब्ध नाही. शेजारून गेलेल्या गाडीचा मालक नक्की कोण आहे, त्याची मिळकत किती आणि देणे किती, हे गाडीवरून कळत नाही. रस्त्यावर दिसतो तो झालेला खर्च, उरलेली शिल्लक दिसत नाही. ऋण काढून केलेला सण आणि शिलकीतून केलेला सण लांबून सारखेच दिसतात.

आपल्या हवेत ही गाडी वापरायची कशी, हाही प्रश्न आहेच. मुंबई-पुण्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी छत उघडणे अशक्य, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, शहरात बाराही महिने धूळ आणि डिझेलचा धूर. उरतात हिवाळ्यातील सकाळी आणि संध्याकाळी. पावसाळ्यात कापडी छताला बुरशी धरते, आणि त्याहून खर्चिक दुखणे छताच्या कडेला असलेल्या पन्हळींचे आहे. छतावरचे पाणी या पन्हळींतून बारीक नळ्यांवाटे खाली सोडलेले असते. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत गुलमोहराची बारीक पाने या नळ्यांच्या तोंडाशी साचतात, पाणी तुंबते आणि दाराखालच्या पोकळीत किंवा आसनाखालच्या गालिच्यात उतरते. अनेक गाड्यांत वायरिंग आणि कंट्रोल युनिट तिथेच असतात. गालिचा ओला लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही आणि तोवर बिल लाखांत गेलेले असते. जुनी उघडी गाडी विकत घेताना जाणकार माणूस इंजिन ऐकण्याआधी गालिच्याखाली हात घालून पाहतो, तो यासाठी.

परदेशात वारा हवा असणारा आणि मान हवा असणारा यांची दुकाने वेगळी आहेत. १९८९ मध्ये आलेली माझ्दाची ‘एमएक्स-५’ ही छोटी, हलकी, दोन आसनी उघडी गाडी मध्यमवर्गीयाला परवडेल अशा किमतीत मिळते आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या होत्या. तिच्याकडे पाहून कोणी मालकाला धनाढ्य समजत नाही. भारतात तसा प्रयत्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या सॅन समूहाने केला. रेनॉचे सुमारे १.२ लिटरचे इंजिन आणि फायबरचे अंग असलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी उघडी गाडी त्यांनी काढली, पण ती फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचली. आज आपल्याकडे मध्यमवर्गाची उघड्या आकाशाची हौस सनरूफवर भागवली जाते आणि त्यातून डोके बाहेर काढून उभी राहणारी मुले पाहून पोटात गोळा येतो.

महिंद्रा थार मात्र या चर्चेत वेगळी उभी आहे. २०२० मध्ये आलेल्या थारला कापडी छताचा पर्याय होता आणि तो महाग नव्हता, कारण ती मोनोकॉक नाही. १९१९ च्या गाड्यांप्रमाणे तिचा भार खालची शिडीची चासी पेलते, वरचे छप्पर असो वा नसो. गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत म्हणूनच उघडी थार आणि जुनी उघडी जिप्सी यांना एवढी मागणी असते. पर्यटक ती दोन-तीन दिवसांसाठी घेतात, कामाला कुठेही जायचे नसते, आणि श्वार्झ यांच्या संशोधनात मजेसाठी काढलेली जी एकमेव फेरी उरली होती तीच ते दिवसभर करत असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीला नियमाप्रमाणे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, त्यामुळे ही गाडी चालवणाऱ्याची नाही हे म्हापशाच्या चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळते. छत उघडणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी झालेली दिसत नाही.